गाडीरस्ता संपतो तिथे

साखरपुडा संध्याकाळचा होता, आणि दुपारची पंगत उठायच्या आतच तो मोडल्यात जमा झाला.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. सावद्याकडून पहाटे निघालेली मंडळी ऊन तापायच्या आत धुळ्याला पोचली होती. देवपुरात मोतीलाल सरांच्या घरापुढे मांडव पडला होता, आत आमरसाची पंगत बसली होती, आणि नवरदेव चक्क हसत होता. जीवराम आबांचा हा एकुलता एक मुलगा, अभिमन, लष्करात इंजिनीअर कॅप्टन. एरवी घरी आला की दोन दिवस नुसता झोपायचा. आज मात्र तो होणाऱ्या सासऱ्यांना, मोतीलाल सरांना, चीनच्या सरहद्दीवरच्या खेचरांच्या गमती सांगत होता.

तेवढ्यात त्याचे मामा जळगावहून आले. बन्सीलाल मामा म्हणजे चार माणसांत वट असलेला माणूस, खासदारांच्या उठण्याबसण्यातला. पण आत्ता त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि चपला काढायचंही त्यांना भान नव्हतं. ते तसेच पंगतीत शिरले आणि त्यांनी खिशातून तार काढली. गावात तार उशिरा पोचते म्हणून अभिमनने त्यांचा जळगावातल्या पिंप्राळ्याचा पत्ता देऊन ठेवला होता.

"सुट्टी रद्द. ताबडतोब हजर व्हायला सांगितलंय," ते म्हणाले. "आता बोला."

यशोदाबाई रस वाढत होत्या. त्यांच्या हातातलं भांडं तिरपं झालं आणि रस वाटीबाहेर ओघळत राहिला. अभिमनने हळूच त्यांच्या हातातून भांडं काढून घेतलं, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

यशोदाबाई त्याच्या काकू. त्यांचा नवरा वना हा जीवराम आबांचा धाकटा भाऊ. मिलिटरीत ट्रकवर ड्रायव्हर होता. बासष्टच्या लढाईत फौज डोंगरातून मागे फिरली तेव्हा तोही गाडी घेऊन निघाला होता, पण एकेरी रस्ता पुढे अडलेला. त्याची गाडी कुणीतरी पाहिली, माणूस कुणी पाहिला नाही. घरी तार आली ती 'बेपत्ता' एवढंच सांगणारी. पुढे सरकारने त्याला मृत धरलं आणि यशोदाबाईंना पेन्शन सुरू केलं. दर नोव्हेंबरात त्या जळगावच्या ट्रेझरीत जाऊन 'विधवा' या शब्दापुढे सही करायच्या, आणि समोरचा कारकून दरवर्षी त्यांच्या कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाकडे बघून गप्प राहायचा. कुंकू त्यांनी पुसलं नव्हतं. पुस म्हणून त्यांना ठामपणे सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि ठेव म्हणणारंही नाही. अभिमनला त्यांनीच वाढवलं होतं.

पंगत कशीबशी उठली. पुरुष मंडळी बैठकीत जमली. मोतीलाल सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. त्यांना बाकी कशाचा नाही, पण गोष्ट न समजण्याचा फार त्रास व्हायचा.

"पेपरात तर येतंय की आपले मंत्री चीनला जाणार," ते म्हणाले. "बोलणी होणार. मग ही तार कशासाठी?"

"बोलणी होणार म्हणूनच," अभिमन म्हणाला.

"समजलं नाही."

"आमचंही तसंच आहे सर." अभिमनने कपाळ चोळलं. "जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो. हिवाळ्यात आपली माणसं वरती डोंगरावर नेऊन बसवली आहेत. हेलिकॉप्टरनं. समोरच्या डोंगरावर ते बसलेत. गाडीरस्ता खालीच संपतो. तिथून वर खेचरांची वाट, आणि पुढे तीही नाही. पाऊस लागला, ढग बसले, की हेलिकॉप्टर उडत नाही. म्हणजे पावसाआधी आमचा रस्ता वर पोचला तर माणसांना पीठ, रॉकेल, गोळी सगळं पोचेल आणि ती टिकतील. नाही पोचला, तर त्यांना खाली उतरवावं लागेल. एकदा उतरवली की मंत्री तिकडे जाऊन बोलणार कशाच्या जोरावर?"

मोतीलाल सर सावकाश म्हणाले, "म्हणजे टेबलावर बोलणारा माणूस मनात तुमचा रस्ता मोजत असणार. आपला किती वर आलाय आणि त्यांचा किती जवळ आहे."

"त्यांचा जवळ आहे. त्यांच्या बाजूला पठार आहे, त्यांचे ट्रक शेवटपर्यंत येतात."

"मग पटकन करा की रस्ता!" बन्सीलाल मामा म्हणाले.

"पटकन केला तर ते म्हणतात, हे लढाईची तयारी करू राहिले. मग दिल्लीहून हुकूम येतो, काम थांबवा. आम्ही थांबवतो. चार दिवसांनी येतो, सुरू करा. डोझर खोलून, त्याचे तुकडे हेलिकॉप्टरनं वर नेऊन आम्ही तिथे जोडला. जोडून झाला त्या दिवशी थांबवायचा हुकूम आला होता."

जीवराम आबा आतापर्यंत भिंतीला टेकून ऐकत होते. केळीच्या बागांत आयुष्य गेलेला माणूस, गोल बोलणं त्यांना जमायचं नाही. "सरळ सांग. लढाई व्हणार का नाही?"

"आबा, मला नाही माहीत."

"तुमच्या साहेबाले?"

"त्यांनाही नाही. कधी वाटतं, रस्ता नाही म्हणूनच लढाई होत नाही. दोघांनाही तिथे नीट लढता येत नाही. आणि कधी वाटतं, रस्ता नाही म्हणूनच होईल. आपण अडकलोय हे समोरच्याला कळलं, तर तो कशाला थांबेल?"

सरांनी कपाटातून मोठा अॅटलास काढून आणला होता. एका पानावर बोट ठेवून ते म्हणाले, "पण इथे तर रेघ पार वरपर्यंत गेलेली आहे."

"ती कागदावरची रेघ आहे. आम्ही तिच्या निम्म्यावरसुद्धा नाही."

"मग इतकी वर्षं सरकार झोपलं होतं का?" मामांचा आवाज चढला. "बासष्टला एवढी खाल्ली, त्यानंतर तरी रस्ते करायचे!"

"भीती होती," मोतीलाल सर म्हणाले. "सरहद्दीला चांगला रस्ता केला, तर उद्या त्याच रस्त्याने शत्रू खाली उतरेल. म्हणून तो भाग तसाच अवघड ठेवलेला बरा, असं मानणारे पुष्कळ होते."

"म्हणजे मुद्दाम?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात यशोदाबाई उभ्या होत्या. जेठासमोर, परक्या पुरुषांसमोर त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या. आत्ताही पदर पुढे ओढलेला होता, पण प्रश्न त्यांचाच होता.

"हे नंतरचं आहे काकू," अभिमन गडबडीने म्हणाला. "काकांच्या वेळी रस्ता होता. अर्धामुर्धा होता. करणं चालू होतं."

यशोदाबाई आत वळल्या. त्यांना वाटत होतं, आपल्याला काहीतरी समजलं. पण काय समजलं हे शब्दांत धरायला गेल्या की ते निसटत होतं. रस्ता केला तर माणसं मरतात. नाही केला तरी मरतात. मग हे बसून ठरवतं कोण, आणि ठरवताना त्याला झोप लागते का?

आतल्या खोलीत बायकांचं निराळंच चाललं होतं. ओटीचं तबक भरून तयार होतं. मोतीलाल सरांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, दार लोटून घेतलं.

"सुमनबाई, राग मानू नका," त्या अभिमनच्या आईला म्हणाल्या. "आमच्याकडची म्हातारी माणसं विचारू राहिली. मुलीची ओटी भरायला सवाष्णी बसतील. तुमच्या जाऊबाईंना त्यात धरायचं का नाही? आजचा दिवस आधीच असा उगवलाय. त्यांचं काय शे ते एकदा सांगून टाका. सगळ्या बठ्ठ्यांच्या मनातली शंका जाईल."

यशोदाबाई लोटलेल्या दाराबाहेरच उभ्या होत्या. असा प्रश्न त्यांनी पूर्वीही ऐकला होता, बारशांत, लग्नांत. प्रत्येक वेळी सुमनबाई फणकारून म्हणायच्या, "माझा दीर आहे का नाही हे मी ठरवीन, तुम्ही कोण?" आणि विषय संपायचा. त्या एका वाक्याच्या आडोशाला यशोदाबाईंनी इतकी वर्षं काढली होती.

आज सुमनबाई म्हणाल्या, "सांगते थोड्या वेळानं."

मग त्या जावेचा हात धरून तिला कोठीच्या खोलीत घेऊन गेल्या. दोन्ही बाजूंना गव्हाच्या कोठ्या, मधे उभं राहण्यापुरती जागा.

"यशोदे, तो माझं ऐकत नाही, आबायचं ऐकत नाही. तुझंच ऐकतो. बन्सीभाऊ खासदाराकडे शब्द टाकतो म्हणतो. पुण्याले बदली व्हईन. फक्त पोरानं वाकडेपणा करू नये. तू त्याले गळ घाल."

"आणि अक्का, ते मंजुळाबाई बोलल्या ते?"

"तू एवढं कर. मी बाहेर जाऊन सांगते, पहिली ओटी माझी जाऊच भरीन म्हणून. कोण काय बोलतं ते पाहते."

"नाही ऐकलं त्यानं तर?"

सुमनबाईंनी डोळे पुसले. त्या रडत होत्या हे यशोदाबाईंना आत्ता दिसलं. "मग मी कोणासाठी भांडू, तूच सांग."

यशोदाबाईंना राग यायला हवा होता. तो आला नाही. त्यांच्या मनात एवढंच आलं, की अक्का घाबरली आहे, आणि घाबरलेलं माणूस हाताला लागेल ते धरतं. पण आपण नक्की कुणाच्या बाजूला आहोत हे काही त्यांना कळेना. पोरगं खाली यावं, असं त्यांनाही वाटत होतंच की. तार ऐकल्यापासून दुसरं काय वाटत होतं?

अभिमन मागच्या अंगणात हौदापाशी होता. बनियनवर उभा राहून तोंडावर पाणी मारत होता. वरच्या थंडीने त्याच्या कानांची आणि नाकाची कातडी सोलून काळी पडली होती. खाली, शहराच्या अंगाला, पांझरा नदीचं कोरडं पात्र उन्हात पांढरं दिसत होतं.

"तुला पाठवलं ना?" तो न वळताच म्हणाला.

"पाठवलं."

"मग बोल."

यशोदाबाई कडुलिंबाच्या सावलीत दगडावर बसल्या. बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "थांब काकू. आधी माझं ऐक. हे मी हिवाळ्यापासून मनात घेऊन फिरतोय. काका ज्या रस्त्यानं मागे येत होते, तो मी पाहिला. रोजच जायचो मी त्यावरून. खाली दरीत अजून जुन्या ट्रकचे सांगाडे पडलेत. झाडं उगवलीत त्यांच्यातून."

यशोदाबाईंनी गुडघ्यावरची साडी मुठीत धरली.

"पुढं रस्ता अडला होता. मागं शत्रू. मग माणसांनी गाड्या सोडल्या आणि जंगलात शिरली. पायी, भूतानच्या अंगाला. अंगावर साधे कपडे. तिथल्या एका गावात म्हातारा भेटला. तो म्हणाला, तेव्हा शिपाई यायचे, आम्ही द्यायचो ते खायचे आणि पुढे जायचे. काही जण पुढे गेले नाहीत. थंडीनं गेले. गावानंच त्यांना ओढ्याकाठी अग्नी दिला आणि दगड रचून ठेवले. मी ते दगड पाहिले."

"त्यात ते आहेत?"

"माहीत नाही काकू. नाव नाही, बिल्ला नाही. कुणीही असेल."

"म्हातारा काय म्हणाला? कसे होते दिसायले?"

"पंचवीस वर्षं झाली. त्याला सगळे सारखेच आठवतात. थकलेले."

अंगणात एक चिमणी हौदाच्या कडेवर येऊन पाणी प्यायली आणि उडाली.

"मग मले काऊन सांगितलं?" यशोदाबाईंचा आवाज एकदम धारदार झाला. "नव्हतं माहीत ते बरं होतं. आता तू म्हणतोस दगड आहेत, आणि म्हणतोस माहीत नाही. मी काय करू? हे पुसू का ठेवू?" त्यांनी कपाळाला बोट लावलं. "तू शिकलेला आहेस, तू सांग."

अभिमनने मान खाली घातली. खांद्यावरचा टॉवेल काढून तो उगाच पिळत राहिला. त्यातून पाण्याचा थेंबही निघत नव्हता.

"तुला कधी कुणी काही सांगितलंच नाही," तो शेवटी म्हणाला. "म्हणून सांगितलं. चुकलं असेल."

मग यशोदाबाईंना आपण कशासाठी आलो ते आठवलं.

"मामा म्हणतात, पुण्याले बदली करून देतो."

"माहीत आहे. मी नसलो तरी काम चालेल, माझ्या जागी दुसरा येईल. चांगलाच माणूस येईल. पण तो डोंगर कुठे ढासळतो, कुठे टिकतो, हे कळायला वेळ लागतो. तेवढ्यात पाऊस लागेल."

"वर बहुत पोरं आहेत का?"

"बहुत."

"पाऊस लागला, आणि तुझा रस्ता पोचला नाही, आणि उतरा म्हटलं, तर कशी उतरतील?"

अभिमनने त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर द्यावं की नाही, असं क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर आलं.

"पायी," तो म्हणाला.

यशोदाबाई उठल्या. साडीची माती झटकली आणि काही न बोलता आत गेल्या.

बैठकीत सगळे त्यांचीच वाट पाहत होते. सुमनबाई दारापाशी आल्या होत्या. जावेचा चेहरा वाचायचा त्यांनी प्रयत्न केला, पण पदर फार पुढे होता.

"मी त्याले काही सांगितलं नाही," यशोदाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "सांगणारही नाही. तिथं वर पोरं बसली आहेत. रस्ता नाही पोचला तर पायी उतरतील. माझ्यानं नाही व्हणार हे."

"तुझं पोटचं नाही म्हणून!" सुमनबाई ओरडल्या.

बाहेर आचारी पितळी पातेलं ओढत होता, त्याने हात थांबवला असावा.

"सुमन," जीवराम आबा म्हणाले. एवढंच. मग ते जागेवरून उठले आणि खोलीच्या मध्यभागी येऊन उभे राहिले, जणू बसून बोलण्यासारखं ते नव्हतं. "बासष्टले मी गेलो होतो त्याले शोधायले. आसामात तेजपूरपर्यंत गेलो. तिथं एक नाका होता. पुढे मिलिटरीचा रस्ता, सिव्हिलियनले सोडत नव्हते. मी त्या नाक्यावर उभा राहून डोंगराकडे पाहत बसायचो. वाटायचं, कोणी एखादा खाली येईन, सांगीन. कोणी आलं तरी त्याले दुसरीकडचं माहीत नसायचं." त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं. "बन्सीभाऊ, खासदारायले त्रास देऊ नका. जाऊ द्या त्याले."

बन्सीलाल मामांनी बहिणीकडे पाहिलं. आतापर्यंत ते तिच्या बाजूने होते. आता त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांची बाजू कोणती ते ओळखू येईना. सुमनबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"ठीक आहे," मोतीलाल सर म्हणाले. दुपारभर देशाचा विचार करणारा तो माणूस आता एकाएकी मुलीचा बाप झाला होता. "पण आम्ही काय समजायचं? तुमचा मुलगा जाणार. लढाई होईल की नाही हे त्याला माहीत नाही. परत कधी येईल ते माहीत नाही. मुलीला मी काय सांगू?"

"पावसाळ्यानंतर पाहू ना," मंजुळाबाई लगेच म्हणाल्या. "साखरपुडाही तेव्हाच. कोणाचं काही मोडलं नाही, कोणाचं काही बांधलं नाही."

हे सगळ्यांनाच बरं वाटलं. मामांनी मान डोलवली. आबांनी सुस्कारा सोडला. कुणालाच काही ठरवावं लागणार नव्हतं. आचाऱ्याला काय सांगायचं याचीसुद्धा कुणीतरी चौकशी सुरू केली.

यशोदाबाईंना मात्र ते ऐकवेना. काही मोडलं नाही, काही बांधलं नाही. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"कोणी कोकिळेले विचारलं का?" त्या म्हणाल्या.

नवरीला विचारायचं असतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. कोकिळाला बोलावलं. ती मुलींच्या शाळेत शिक्षिका होती, उभट चेहऱ्याची, कमी बोलणारी. पिवळ्या साडीत ती दारात येऊन उभी राहिली. तिने सगळं ऐकलं असणार. त्या घराच्या भिंती काही जाड नव्हत्या.

यशोदाबाई तिच्याजवळ गेल्या. "हे पाह्य बाई, मोकळेपणानं बोल. नाही म्हणायचं तर आत्ता म्हण. कोणी तुले नाव ठेवणार नाही. आणि थांबते म्हणशील तर थांबणं म्हणजे काय असतं ते मले विचार."

कोकिळाने त्यांच्याकडे पाहिलं, मग मागच्या दारातून आत आलेल्या अभिमनकडे. त्या दोघांचं यापूर्वी बोलणं असं झालंच नव्हतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला तिकडे काही झालं, तर कळवतात कोणाला?"

खोलीतली माणसं अस्वस्थ हालली. अभिमनने मात्र सरळ उत्तर दिलं. "आता आबांना. लग्न झाल्यावर बायकोला."

"नुसतं ठरलेल्या मुलीला?"

"नाही. तिला कोणी कळवत नाही."

"मग लग्न आजच लावा," कोकिळा म्हणाली.

एकच गलका झाला. साखरपुड्यातच लग्न उरकायची खानदेशात नवलाई नव्हती. पण ते खर्च वाचवायला, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवून. मुलीने तोंडाने मागून घेतलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मंजुळाबाई मटकन खाली बसल्या. मोतीलाल सर "अगं पण, अगं पण" एवढंच म्हणत राहिले. आणि सगळ्यांत जास्त घाबरल्या त्या यशोदाबाई. त्यांना तर पोरीला दार उघडून द्यायचं होतं. ती तेच दार आतून लावून घेत होती.

"बाई, तुले समजतंय का तू काय बोलू राहिली?"

"नाही काकू," कोकिळा म्हणाली. "मला काहीच समजत नाहीये. बाबांना नाही समजत, यांनाही नाही. पण मी मनानं थांबणारच आहे, लग्न लावा न लावा. मग निदान मला विचारायचा हक्क असू दे. तार माझ्या नावानं येऊ दे."

यशोदाबाईंनी मागे वळून जीवराम आबांकडे पाहिलं. आबांनी अभिमनकडे. अभिमन कोकिळाकडे बघत होता, आणि दुपारपासून पहिल्यांदाच त्याला कुठलातरी हुकूम नीट समजल्यासारखं दिसत होतं.

"भटजी आलेलेच आहेत," बन्सीलाल मामा म्हणाले. त्यांची बाजू बहुधा ठरली होती. "गोरजाला मुहूर्त लागतो का विचारतो."

मुहूर्त लागला. हळद शेजारून आली, मंगळसूत्रासाठी मंजुळाबाईंनी स्वतःच्या गळ्यातल्या दोनांपैकी एक काढून दिलं. आमरस संपला होता, म्हणून आचाऱ्याने शेवभाजीची कढई चढवली. रडत, भांडत, एकमेकांना हाका मारत बायकांनी नवरी नटवली.

ओटी भरायची वेळ आली तेव्हा यशोदाबाई आपणहून मागच्या भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या. मंजुळाबाईंनी तबक उचललं आणि त्या घुटमळल्या. तेव्हा सुमनबाई उठल्या. त्यांनी जावेचं मनगट घट्ट धरून तिला पुढे ओढत आणलं आणि तबकातला नारळ तिच्या हातात ठेवला.

"भर," त्या म्हणाल्या. जावेकडे त्यांनी पाहिलं नाही. डोळे अजून लालच होते, आणि दुपारचं ते वाक्य दोघींच्या मधे तसंच पडून होतं. ते उचलायला किती दिवस लागतील, दोघींनाही ठाऊक नव्हतं.

म्हाताऱ्या बायकांपैकी एकीने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. यशोदाबाईंनी ओटी भरली.

दिवस मावळताना अक्षता पडल्या. अभिमनला भुसावळहून गाडी धरायची होती, त्यामुळे जेवणं होईतो जीप दाराशी लागली. त्याने अंगावरचा शेला उतरवून गणवेश चढवला आणि दोघं जोडीने सगळ्यांच्या पाया पडत फिरली. आबांनी डोक्यावर हात ठेवला. सुमनबाई मुलाला पोटाशी धरून राहिल्या, त्यांना सोडवावं लागलं. म्हाताऱ्या बायकांनी कोकिळाला भरभरून 'अखंड सौभाग्यवती' म्हटलं.

शेवटी दोघं यशोदाबाईंसमोर वाकली. सवयीने त्यांनी हात उचलला, सवयीने शब्द ओठांवर आले, आणि तिथेच अडले. हाच आशीर्वाद त्यांना मिळाला होता. तो खरा झाला होता की खोटा, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं.

कोकिळा वाकलेलीच राहिली. लोक पाहत होते. बाहेर ड्रायव्हरने इंजिन चालू केलं.

यशोदाबाईंनी तिला खांद्याला धरून उभं केलं. तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"तुले त्याची खबर येत राहो, बाई," त्या म्हणाल्या. "जी असेल ती. पण खरी येवो."